गाळलेली पद्ये: बंगळूर नागरत्नम्मा आणि मर्यादेचा प्रश्न

१९१० साली मद्रासच्या ‘वाविळ्ळ रामस्वामी शास्त्रुलु आणि सन्स’ या प्रकाशनसंस्थेने ‘राधिकासांत्वनमु’ नावाचे एक तेलुगु काव्य प्रसिद्ध केले. काव्य अठराव्या शतकातले होते आणि ते रचणारी मुद्दुपळनी दीडशे वर्षांपूर्वी तंजावरच्या भोसले राजांच्या दरबारात गणिका होती. संपादन करणारीही स्त्रीच होती आणि तीही त्याच समाजात जन्मलेली. तिच्या नावाआधी वडिलांचे नाव नव्हते, गावाचे होते: बंगळूर नागरत्नम्मा. दक्षिणेतील देवदासी कुळांतील स्त्रिया आपल्या नावाआधी गावाचे आणि आईच्या नावाचे आद्याक्षर लावीत, कारण त्यांच्या कुळात वारसा आईकडून मुलीकडे जात असे. सुशिक्षित मध्यमवर्गीय वाचकाला या नावात उणीव दिसे, पण त्या कुळांच्या दृष्टीने ते नाव पूर्ण आणि रीतीला धरून होते. नागरत्नम्मेच्या आयुष्यातील पुढचा सारा संघर्ष याच एका गोष्टीभोवती फिरतो. ती रूढी मोडणारी स्त्री म्हणून ओळखली गेली. प्रत्यक्षात तिने आपली रूढी जन्मभर निष्ठेने पाळली. बदलली होती ती रूढी ठरवणाऱ्यांची जात.

नागरत्नम्मेचा जन्म ३ नोव्हेंबर १८७८ रोजी म्हैसूरजवळच्या नंजनगूड या तीर्थक्षेत्री झाला. आई पुट्टलक्ष्मी देवदासी कुळातील, वडील वकील. वडिलांनी मायलेकींकडे पाठ फिरवली आणि आईने मुलीला घेऊन आधी म्हैसूर, नंतर बंगळूर गाठले. कन्नड, तेलुगु आणि संस्कृत या भाषांचा तिचा अभ्यास लहानपणीच झाला. संगीताचे शिक्षण बंगळूरच्या मुनिस्वामप्पांकडे झाले. नृत्यही ती शिकली. वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास ती रसिकांसमोर उभी राहिली, आणि त्याआधीच आईचे छत्र हरपले होते.

ज्या बंगळुरात ती वाढली ते एक गाव नव्हते, दोन होती. एकीकडे जुनी पेठ: व्यापाऱ्यांच्या आळ्या, मंदिरे, उत्सव आणि उत्सवात गाणाऱ्या-नाचणाऱ्या स्त्रिया. दुसरीकडे १८०९ पासून वसलेली इंग्रजांची छावणी: चर्च, क्लब, मिशनऱ्यांच्या शाळा. पेठेत ज्या स्त्रीला मंगलकार्यात अग्रमान होता तिच्याकडे छावणी निराळ्या नजरेने पाहत होती. ही नजर छावणीपुरती राहिली नाही. १८९२ च्या सुमारास मद्रास इलाख्यात नाचाच्या बैठकींविरुद्ध चळवळ सुरू झाली. तिचे पुढारी इंग्रजी शिकलेले देशी सुधारक होते. १९०९ साली म्हैसूर सरकारने आपल्या अखत्यारीतील मंदिरांतून देवदासींची सेवाच बंद केली. देवाच्या सेवेत शतकानुशतके जी नेमणूक शास्त्रोक्त मानली गेली तीच आता शास्त्राला आणि सदाचाराला सोडून असल्याचे ठरवण्यात आले.

या बदलाचा व्यवहार मात्र सरळ रेषेत चालत नव्हता. म्हैसूरच्या चीफ कोर्टाचे न्यायाधीश नरहरिराव हे तरुण नागरत्नम्मेचे आश्रयदाते होते आणि या संबंधाने त्यांच्या प्रतिष्ठेला बाध आल्याचे दिसत नाही. बंगळूरच्या हनुमंतनगर भागातील एक टेकडी आजही नरहरिरायांच्या नावाने ओळखली जाते. पुढे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात नागरत्नम्मा मद्रासला स्थायिक झाली. तिच्या गाण्याच्या मैफली गाजल्या, ध्वनिमुद्रिका निघाल्या, पैसा आला. पुस्तकाचा उद्योग तिने हाती घेतला तो या भरभराटीच्या काळात. पोट भरण्यासाठी तिला त्याची गरज नव्हती.

तंजावरच्या राजांचा इतिहास वाचताना तिला मुद्दुपळनीचा उल्लेख आढळला. त्या काव्याची छापील प्रत तिने मिळवली. ती होती १८८७ साली पैडिपाटी वेंकटनरसू यांनी काढलेली आवृत्ती. वेंकटनरसू हे तेलुगूचे प्रसिद्ध अभ्यासक चार्ल्स फिलिप ब्राउन यांचे सहकारी. त्या आवृत्तीत चुका पुष्कळ होत्या. मग तिच्या हाती मूळ पोथी आली आणि दोन्ही ताडून पाहताना तिला आढळले की छापील प्रतीत कितीएक पद्ये नाहीत, प्रास्ताविकही नाही. शृंगाराची पद्ये गाळणे एकवेळ समजण्याजोगे आहे, पण प्रास्ताविक का गाळावे? त्यात शृंगार नव्हता. त्यात मुद्दुपळनीने आपली ओळख करून दिली होती, आपल्या घराण्यातील स्त्रियांची नावे घेतली होती, आजी तंजनायकीचा गौरव केला होता आणि आपल्या विद्वत्तेविषयी संकोच न बाळगता सांगितले होते. राजदरबारातील गणिकेने पुरुष कवींप्रमाणे स्वतःचा वंश सांगावा, ही गोष्ट १८८७ च्या आवृत्तीत उरली नाही. अश्लीलतेचे कारण पुढे करून जे कापले जाते त्यात पुष्कळदा अश्लील नसलेलेच अधिक असते.

काव्य पाचशे चौऱ्याऐंशी पद्यांचे असून चार भागांत विभागलेले आहे. राधेने वाढवलेली इळा वयात येते आणि राधा स्वतःच तिचा विवाह कृष्णाशी लावून देते. नववधूला आणि वरालाही ती शृंगाराचे धडे देते. पण दिलेले देऊन टाकणे तिला जमत नाही. मत्सर आणि विरह तिला जाळू लागतो. अखेरीस कृष्णालाच तिची समजूत घालावी लागते, आणि काव्याचे नावही त्यावरूनच पडले आहे. रुसलेल्या राधेला कृष्णाने मनवणे भारतीय काव्याला नवे नाही. मुद्दुपळनीचे नावीन्य असे की येथे इच्छा राधेची आहे, पुढाकार तिचा आहे, आणि वाढत्या वयाची, सोडून देण्यात आलेल्या स्त्रीची वेदना तिने शृंगाराच्या ऐन मध्यभागी आणून ठेवली आहे.

हे काव्य भोसल्यांच्या तंजावरात कसे निर्माण झाले, याचे उत्तर पुन्हा बंगळुराकडेच घेऊन जाते. १६३८ साली विजापूरच्या सैन्याने केंपेगौडांच्या वंशजांकडून बंगळूर घेतले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. शहाजींच्या दरबारात अनेक भाषांचे कवी होते. त्यांपैकी जयराम पिंड्ये याने ‘राधामाधवविलासचंपू’ लिहिला. पूर्वार्धात राधा आणि माधव यांचा विलास, उत्तरार्धात शहाजींच्या सभेचे वर्णन आणि नाना भाषांतील कवने, असे त्याचे रूप आहे. शहाजींचे पुत्र व्यंकोजी यांनी १६७५-७६ च्या सुमारास तंजावर हाती घेतले आणि घराण्याची ती शाखा तिकडे गेली. बंगळूर १६८७ साली मोगलांच्या हाती पडून लगेच तीन लाख रुपयांना म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडेयर यांच्याकडे आले. तंजावरात भोसल्यांनी तेलुगु आणि तमिळ भाषांना आपलेसे केले. राजे स्वतः तेलुगूत आणि मराठीत नाटके लिहीत. शहाजी दुसरे यांच्या नाटकांतले शृंगार आणि हास्य आजच्या सभ्य रंगभूमीलाही जड जाईल. प्रतापसिंह महाराजांच्या कारकिर्दीत, म्हणजे १७३९ ते १७६३ या काळात, मुद्दुपळनी दरबारात होती.

याच तंजावरात, याच अठराव्या शतकात, दरबाराच्या परिसरातील पंडित त्र्यंबकयज्वा याने ‘स्त्रीधर्मपद्धति’ हा संस्कृत ग्रंथ रचला. पतिव्रतेने पहाटे कधी उठावे, सारवण कसे करावे, जेवणाच्या वेळी काय करावे, पतीशी कसे वागावे, याचे बारकाईने दिलेले नियम त्यात आहेत. ज्युलिया लेस्ली यांनी १९८९ साली त्याचा विस्तृत अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हापासून स्त्रीधर्माच्या चर्चेत त्याचा उल्लेख वारंवार होतो. त्र्यंबकाची पतिव्रता आणि मुद्दुपळनीची राधा एकाच राजाश्रयाच्या सावलीत वावरल्या. आजच्या वाचकाला ही विसंगती वाटते. त्या काळाला ती वाटली नाही, कारण त्या समाजात रूढी एक नव्हती. पत्नीचा धर्म निराळा, गणिकेचा निराळा. प्रत्येकीने आपापला पाळावा, दुसरीचा पाळू नये. ही व्यवस्था उदार होती असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. पत्नीला विद्या नव्हती आणि गणिकेला घर नव्हते. दोघींच्या वाट्याला काय यावे हे दोघींनी ठरवले नव्हते. पण एक खरे, की गणिकेने काव्य लिहिले तर ती कोणाची मर्यादा ओलांडीत नव्हती. उलट ते तिचे कर्तव्यच होते.

एकोणिसाव्या शतकाने ही अनेक रूढींची व्यवस्था मोडून सर्व स्त्रियांसाठी एकच माप आणले. ते माप होते सुशिक्षित कुटुंबातील गृहिणीचे. आंध्रातील थोर सुधारक कंदुकूरि वीरेशलिंगम यांनी विधवाविवाहासाठी आयुष्य वेचले. १८८१ साली राजमहेंद्रीत त्यांनी पहिला विधवाविवाह लावला. ‘आंध्रकवुल चरित्रमु’ या आपल्या ग्रंथात त्यांनी मुद्दुपळनीची विद्वत्ता आणि भाषेचा गोडवा मान्य केला, पण या काव्यातील कितीएक भाग स्त्रियांनी ऐकण्यासारखे नाहीत, मग स्त्रीच्या तोंडून निघणे दूरच, असा निर्वाळाही दिला. कवयित्रीच्या कुळाचा उद्धार करायला ते विसरले नाहीत. स्त्रीला माणूस म्हणून जगता यावे यासाठी लढणाऱ्याच्या लेखणीतून हा अभिप्राय उतरला. यातच त्या काळाचा पेच आहे.

नागरत्नम्मेने आपल्या प्रस्तावनेत याला जे उत्तर दिले ते तिच्या साऱ्या कार्यातील सर्वांत टोकदार लेखन होय. शृंगार चांगला की वाईट, या वादात ती शिरलीच नाही. तिने विचारले ते एवढेच: लाज आणि औचित्य यांचा प्रश्न केवळ स्त्रियांपुरता असतो काय, पुरुषांना तो लागू नाही काय? पंतुलूंनी स्वतः तपासून मान्यता दिलेल्या ‘वैजयंतीविलासमु’मध्ये विप्रनारायण आणि गणिका यांचे जे प्रसंग आहेत ते कमी उघडे आहेत काय? आणि पंतुलूंच्या स्वतःच्या ‘रसिकजनमनोरंजनमु’चे काय? तिचा युक्तिवाद बंडखोराचा नाही, कायदा जाणणाऱ्याचा आहे. नियम असेल तर तो सर्वांना असावा. नियम करणाऱ्यांनी तो स्वतःला लावून घेतलेला नाही, एवढेच ती दाखवून देते. मराठी वाचकाला येथे बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे आठवतील. १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून त्यांनी हाच प्रश्न विचारला होता, आणि तेही पुस्तक पुढे जवळजवळ शतकभर विस्मृतीत गेले. दोघींची भाषा, जात, घर सर्व निराळे. एकमेकींची माहिती असण्याचेही कारण नाही.

आपण हे पुस्तक का काढीत आहोत, हेही नागरत्नम्मेने सांगितले आहे. ते केवळ स्त्रीने रचले म्हणून नव्हे, तर आपल्या कुळात जन्मलेल्या स्त्रीने रचले म्हणून. ‘आपले कूळ’ हा उल्लेख १९१० मध्ये करणे सोपे नव्हते. म्हैसूरच्या मंदिरांतून तिच्यासारख्यांना काढून एकच वर्ष झाले होते.

परिणाम लवकरच दिसला. तेलुगु नियतकालिकांतून टीका सुरू झाली. वेश्येने लिहिलेले, वेश्येने संपादलेले, असा तिचा सूर होता. १९११ साली मद्रासच्या पोलिसांनी प्रती जप्त केल्या आणि पुस्तकावर बंदी आली. अनेक पंडितांनी सरकारकडे अर्ज केले. प्राचीन वाङ्मयाला हा न्याय लावला तर संस्कृत आणि तेलुगूतील निम्मे काव्य जाळावे लागेल, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. अर्ज फेटाळले गेले. वाविळ्ळ यांनी मात्र हार मानली नाही. प्रती लपतछपत फिरत राहिल्या.

याच्यापुढे दुसरी एक घटना ठेवून पाहण्यासारखी आहे. १९२२ साली इतिहासाचार्य विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांनी जयराम पिंड्याचा ‘राधामाधवविलासचंपू’ विस्तृत प्रस्तावनेसह प्रकाशित केला. बंगळूरच्या भोसले दरबारातला हा राधाविलास. मराठी विद्वानांनी तो शहाजीच्या चरित्राचे साधन म्हणून वाचला आणि आजही वाचतात. पोलीस आले नाहीत. दोन ग्रंथांचा शृंगार एकाच मापाचा आहे असे नव्हे, आणि संस्कृत चंपूला पांडित्याचे जे कवच असते ते देशी भाषेतील गेय काव्याला नसते, हेही मान्य केले पाहिजे. तरी भोसल्यांच्या एका दरबारातली राधा इतिहासात गेली आणि दुसऱ्या दरबारातली पोलीस ठाण्यात, यामागे लिहिणारा हात कोणाचा होता हे कारण वगळता येत नाही.

बंदीनंतर नागरत्नम्मेचे लक्ष दुसरीकडे वळले. १९२१ च्या सुमारास म्हैसूरचे गायक बिडारम कृष्णप्पा यांच्याकडून तिला कळले की तिरुवैयारू येथील संत त्यागराजांची समाधी ओसाड पडली आहे. त्यागराज १८४७ साली तंजावरजवळच्या या गावी, कावेरीच्या काठी समाधिस्थ झाले होते. तिच्या गुरुपरंपरेचे मूळ त्यांच्यातच होते. तिने जमीन मिळवली, आपले दागिने आणि मिळकत खर्चून मंदिर उभारले, शास्त्रोक्त प्रतिष्ठा केली, नित्यपूजेची व्यवस्था लावली. आणि मग तिला कळले की वार्षिक आराधनेत स्त्रियांना गाता येणार नाही. आराधना चालवणारे दोन पक्ष होते. आपापसांत त्यांचे हाडवैर होते, पण स्त्रियांनी समाधीसमोर बसून गाऊ नये याविषयी एकमत होते. ज्या मंदिराची वीट तिच्या पैशाने बसली होती त्याच मंदिरात तिला श्रोता व्हायचे होते.

तिने भांडण केले नाही, असे नाही. पण तिने निवडलेला मार्ग तिच्या स्वभावाला शोभणारा होता. १९२७ पासून तिने समाधीच्या मागच्या बाजूला स्त्रियांची स्वतंत्र आराधना सुरू केली. त्याच तिथीला, त्याच विधीने. पुढच्या अंगणात पुरुष गात होते, मागे स्त्रिया. एकाच समाधीभोवती दोन आराधना भरू लागल्या आणि रीत कोणाची खरी, याचा निर्णय ऐकणाऱ्यांवर आला. अखेर १९४० साली सर्व पक्ष एक झाले आणि स्त्रिया समोर येऊन गाऊ लागल्या. रूढी मोडण्याऐवजी तिने रूढीची दुसरी प्रत काढली आणि पहिली प्रत निरुपयोगी ठरेपर्यंत ती चालू ठेवली.

याच वर्षांत देवदासी प्रथेविरुद्धचा कायदा घडत होता. त्याच्या अग्रभागी होत्या डॉ. मुत्तुलक्ष्मी रेड्डी, ज्यांची आई स्वतः देवदासी कुळातील होती. नागरत्नम्मेने इतर देवदासींबरोबर या कायद्याला विरोध केला. कायद्यामुळे आपली कला, मालमत्तेचा हक्क आणि मान एकाच वेळी जातील, असे त्यांचे म्हणणे. मुत्तुलक्ष्मींचे म्हणणे असे की लहान मुलींना देवाला वाहण्याच्या नावाखाली जे चालते ते थांबलेच पाहिजे. येथे निवाडा सोपा नाही, आणि एकीला सुधारक व दुसरीला प्रतिगामी ठरवून तो होणारही नाही. नागरत्नम्मेसारख्या मोजक्या स्त्रियांना जुन्या रूढीने विद्या आणि संपत्ती दिली होती. ज्यांना तिने काहीच दिले नाही त्यांच्या बाजूने मुत्तुलक्ष्मी बोलत होत्या. १९४७ साली कायदा झाला. त्याच वर्षी मद्रासचे पंतप्रधान टंगुटूरि प्रकाशम यांच्या सरकारने ‘राधिकासांत्वनमु’वरील बंदी उठवली. गणिका संपली आणि गणिकेचे काव्य मोकळे झाले.

१९४९ साली नागरत्नम्मेने आपली उरलेली मिळकत समाधीच्या विश्वस्त निधीला दिली. मृत्युपत्रात तिने एक अट घातली: समाधीजवळ गाण्याचा आणि पूजेचा हक्क कोणत्याही स्त्रीला, विशेषतः देवदासी कुळातील स्त्रीला, नाकारला जाऊ नये. देवदासी हा शब्द कायद्याने इतिहासजमा होऊन दोन वर्षे झाली होती. तो तिने कायद्याच्याच कागदात पुन्हा लिहून ठेवला.

१९ मे १९५२ रोजी तिरुवैयारूत तिचे निधन झाले. त्याच साली वाविळ्ळ यांनी ‘राधिकासांत्वनमु’ची नवी आवृत्ती काढली. पुढे १९९१ साली सुसी थारू आणि के. ललिता यांनी संपादिलेल्या भारतीय स्त्रियांच्या लेखनाच्या इंग्रजी संकलनात मुद्दुपळनीला स्थान मिळाले, आणि २०११ मध्ये संपूर्ण काव्याचे इंग्रजी भाषांतर निघाले.

त्यागराजांच्या समाधीसमोर नागरत्नम्मेचे स्मारक आहे. हात जोडून बसलेली मूर्ती, तोंड संताकडे. पौष वद्य पंचमीला आराधनेच्या दिवशी शेकडो गायक-गायिका एकत्र बसून पंचरत्न कृती गातात, तेव्हा गर्दीमुळे ती मूर्ती पुष्कळांच्या नजरेआड होते. तंजावरच्या त्या परिसरात पाव शतकाहून अधिक काळ काढूनही ती तिथे आजही बंगळूरचीच नागरत्नम्मा म्हणून ओळखली जाते.